चिंतामणची उमेदवारी

अकोल्याच्या कचेरीत त्या काळी एक थट्टा चालायची. भगवंतराव वकिलांकडे वर्षभर उमेदवारी केलेला मुलगा कायद्यात पक्का होवो न होवो, वांगी पारखण्यात मात्र हमखास पक्का होऊन बाहेर पडतो. घरची भाजी उमेदवारानं आणायची, हा भगवंतरावांच्या पत्नीनं, सत्यभामाबाईंनी, घालून दिलेला दंडक होता. किडकं वांगं निघालं की बाई ते उमेदवाराच्या हातात परत ठेवत आणि म्हणत, "याच्या आतलं दिसत नाही, मग साक्षीदाराच्या आतलं काय दिसणार तुला?" भगवंतरावांचे निम्मे युक्तिवाद स्वयंपाकघरात शिजून मग कोर्टात वाढले जातात, असंही लोक म्हणत. लोकांना काय, बोलायला काहीतरी लागतं. पण ते अगदीच खोटं नसावं.

तर त्या वर्षी वांगी आणायची पाळी चिंतामणवर आली होती.

चिंतामण अमरावतीचा. परकोटाच्या आतल्या एका लहानशा महादेवाची पूजा त्याच्या घराण्याकडे होती आणि ती त्याचे वडील मोरोपंत करत. पोथी सोडून दुसरं पुस्तक उघडणारा घरातला हा पहिलाच मुलगा. नागपूर विद्यापीठाची कायद्याची परीक्षा तो पास झाला, तेव्हा मोरोपंतांनी पेढे न वाटता पिंडीवर अभिषेक केला. शेजारणींनी लगेच हिशेब मांडला की भटजीबुवांना पाणी पेढ्यांपेक्षा स्वस्त पडतं. पण नुसत्या पदवीवर कुणी काळा कोट चढवून जज्जासमोर उभा राहू शकत नसे. एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या हाताखाली वर्ष काढायचं, त्यानं 'हा तयार झाला' असं लिहून द्यायचं, आणि मग सनद. चिंतामणचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी एलिचपूरची, प्रमोदिनी. तिच्या वडिलांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं की सनद आधी, अक्षता मागून. म्हणजे भगवंतरावांच्या एका सहीवर या पोराचा कोट आणि बोहल्यावरचा शालू, दोन्ही टांगून होते.

भगवंतराव शिकवत मात्र काहीच नसत. चिंतामणनं सुरुवातीला एकदोनदा विचारून पाहिलं, की अमुक साक्ष आपण आधी का नाही घेतली? भगवंतरावांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं, "उमेदवारानं विचारायचं नसतं. बघायचं असतं." मग तो बघत बसला. आणि त्याला काय दिसलं, तर तारखा. आज साक्षीदाराला ताप आलाय, तारीख द्या. आज नकला मिळाल्या नाहीत, तारीख द्या. बाररूममधल्या टवाळांनी भगवंतरावांचं नाव 'पंचांगकर्ते' ठेवलं होतं. चिंतामण वरवर हसायचा नाही. पण मनातून त्याला ते नाव पटलं होतं. म्हातारा कामचुकार आहे, अशी त्याची खात्री होत चालली होती.

त्याच सुमारास निंभोरीच्या मनकर्णेचा दावा चालू होता.

मनकर्णा कुणब्याची विधवा. मूलबाळ नाही. नवरा पुंजाजी साप चावून गेलेला. तिचं म्हणणं एवढंच, की नवऱ्यानं जिवंतपणी थोरल्या भावाशी वाटणी केली होती आणि विहिरीजवळचं काळं शेत त्याच्या वाट्याला आलं होतं. थोरला भाऊ नत्थुजी म्हणे, वाटणी झालीच नाही, आम्ही शेवटपर्यंत एकत्र होतो. त्या वेळच्या कायद्यात सगळं या एका गोष्टीवर अडलेलं. भाऊ वेगळे झाले असतील तर शेत विधवेचं. एकत्र असतील तर शेत थोरल्याचं, आणि विधवेला फक्त अन्नवस्त्र. कागद केलेला नव्हता. घरात चुली दोन होत्या खऱ्या, पण त्या जावाजावांच्या भांडणानं झाल्या, असं नत्थुजी सांगे. खुद्द मनकर्णा वाटणीच्या बैठकीला नव्हतीच. बायकांना तिथं कोण बसवतं? नवरा संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, इहिरीकडचं आजपासून आपलं. तिच्या हातात होता तो एवढा मेलेल्या माणसाचा शब्द.

भगवंतरावांनी चिंतामणला एकदा निंभोरीला धाडलं. कशाला, ते सांगितलं नाही. म्हणाले, "गाव बघून ये."

तो गेला. शेत पाहिलं, विहीर पाहिली. वाटणीला हजर असलेला जानराव नावाचा म्हातारा गावात होता. त्याच्या दारात नवी म्हैस आली त्याच आठवड्यात त्याची आठवण गेली, असं लोक सांगत. जानरावनं चिंतामणला गोठ्यात नेलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वाटनी झाली बावा. मी सोता बसलो होतो तती. पन कोर्टात मले इचारू नका. तती मले आठवत नाई."

परत निघताना चिंतामण नदीकाठच्या महादेवाला गेला. देवळात पितळेची मोठी घंटा टांगलेली होती आणि तिच्यावर नत्थुजीचं नाव कोरलेलं. पुजाऱ्यानं सांगितलं, नत्थुजी दर सोमवारी अनवाणी येतो. ते ऐकलं आणि चिंतामणच्या डोक्यात दिवा लागला.

त्या दिव्याचं तेल जुनं होतं. चिंतामण लहान असताना त्याच्या वडिलांच्या देवळात एका बैलावरून तंटा आला होता; एका गाडीवानावर तो चोरल्याचा आळ होता. पंचांनी ठरवलं, गाडीवानानं पिंडीवरचा बेलभंडार उचलावा आणि बैल माझा म्हणून सांगावं. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन बोललेलं म्हणजे देवाच्या अंगाला हात लावून बोललेलं; त्याच्यापुढं पुरावा नाही. गाडीवानानं बेल उचलला. त्याचा हात लटलट कापायला लागला, पान खाली पडलं, आणि तो गडी बैल तिथंच सोडून देवळाबाहेर पळाला. सगळी पेठ म्हणाली, चोर पकडला गेला. खांबाआडून बघणाऱ्या पोराच्या मनात ते पक्कं रुतून बसलं. पुढं त्यानं पुराव्याच्या कायद्याची जाडजूड पुस्तकं पाठ केली. पण पडलेलं ते पान त्या सगळ्या पुस्तकांच्या वर राहिलं.

अकोल्याला येऊन त्यानं घंटेची हकिगत मोठ्या उत्साहानं सांगितली. भगवंतरावांनी फक्त विचारलं, "घंटा बांधली केव्हा?"

ते काही त्यानं पाहिलं नव्हतं.

"ते बघायचं होतं," भगवंतराव म्हणाले आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

कापूस वेचणीचे दिवस आले. मनकर्णेची तारीख होती त्याच दिवशी भगवंतरावांना एका अपिलासाठी नागपूरला जावं लागलं. जाताना त्यांनी बजावलं, की तारीख मागायला शेजारच्या टेबलावरचे वकील उभे राहतील. तू बाईजवळ बस आणि तोंड उघडू नकोस.

मनकर्णा कचेरीसमोरच्या लिंबाखाली फडक्यातली भाकर सोडून बसली होती. पायाला चिखल वाळलेला. चिंतामणला बघून उठली.

"महाराज, आज बी तारीखच का?"

त्याची नजर तिच्या पायांवर गेली.

"पायी येतो अन् पायी जातो. वेचनीचा रोज बुडते थो येगळाच. साहेब माह्या तोंडाकडं पाह्यत बी नाई. मले एकडाव सांगून टाका ना, माहं हाये का नाई."

आता दोष कुणाला द्यायचा? त्या बाईच्या पायांकडे बघून कुणालाही वाटलं असतं, काहीतरी करावं. आणि खरं सांगायचं तर चिंतामणला असंही वाटलं, की म्हातारा नागपूरहून परत येईल तेव्हा त्याला दाखवावं, तारखा न घेताही दावा जिंकता येतो. दया आणि मिजास एकाच वेळी चढली की माणसाला दोन्हींतलं कुठलं बोलतंय ते कळत नाही. त्यानं तिला विचारलं, "नत्थुजीनं पिंडीवरचा बेलभंडार उचलून सांगितलं, तर मानशील?"

"बेल उचलून कोन खोटं बोलन, महाराज?"

"तेच म्हणतो मी. तो उचलणारच नाही."

कायद्यात ती सोय होती. एक बाजू म्हणाली, की दुसऱ्यानं अमुक देवाची अमुक तऱ्हेची शपथ घ्यावी, मला ती मान्य, आणि दुसरा तयार झाला, तर त्या शपथेवर निकाल. मग साक्ष नाही, पुरावा नाही. पुकारा झाला. शेजारचे वकील तारीख मागायला उठतात न उठतात तोच मनकर्णा हात जोडून सबजज्जासमोर उभी राहिली आणि शिकवल्यासारखं बोलून गेली. सबजज्ज मद्रासकडचा, कडक आणि सरळ माणूस. त्यानं दुभाष्याकडून तिला दोनदा समजावलं, की नत्थुजीनं शपथ घेतली तर पुन्हा तक्रार चालणार नाही. दोन्ही वेळा तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. दोन्ही वेळा चिंतामणनं मान हलवली. शेजारच्या वकिलांनी त्याचा कोट ओढला. तो उसवायचाच बाकी होता.

नत्थुजीला विचारलं. त्यानं पगडी सारखी केली आणि म्हणाला, "माही तयारी हाये."

इतक्या लवकर तयार झालेला बघून चिंतामण क्षणभर चपापला. पण त्यानं स्वतःची समजूत घातली. कोर्टात काय, कुणीही तयार होतो. देवळात बघू.

सोमवारी कोर्टानं नेमलेले कमिशनर टांग्यातून निंभोरीला गेले. चिंतामणही गेला. अख्खा गाव देवळाभोवती जमलेला, बायका नदीच्या घाटावर, मनकर्णा भिंतीला टेकून. नत्थुजी नदीत बुडी मारून ओल्या धोतरानं गाभाऱ्यात गेला. पिंडीवरचं बेलाचं पान उचललं, पुजाऱ्यानं त्यावर भंडारा टाकला. चिंतामणनं त्याच्या हाताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, डोळे तिथं खिळवून ठेवले.

हात हलला नाही.

"पुंजाजी अन् मी कवाच येगळे झालो नाई. वाटनी झाली नाई," नत्थुजी म्हणाला. आवाज असा मोकळा, की जणू बाजारात भाव सांगतोय. बेल त्यानं कपाळाला लावला, डोक्यावर ठेवला, आणि बाहेर येऊन घंटा वाजवली. त्या आवाजानं चिंतामणनं वर पाहिलं. घंटेवर नत्थुजीच्या नावाखाली साल कोरलेलं होतं. दावा दाखल झाला त्याच वर्षाचं.

मनकर्णेनं पदर पुढं ओढला आणि कुणाशी न बोलता घराकडे गेली. दावा निकालात निघाला.

भगवंतराव नागपूरहून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. चिंतामणनं विचारलं, अपील? ते म्हणाले, "बाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. यावर अपील नाही." मग म्हणाले, "दावा चालू होता तोवर ते शेत कुणी विकत घेईना. नत्थुजीला पोराच्या लग्नाआधी ते मोकळं हवं होतं. थकत आला होता. विहिरीकडचं निम्मं रान बाईला तिच्या हयातीपर्यंत द्यायला त्याचा वकील कबूल झाला होता. त्या दिवशीची तारीख तेवढ्यासाठीच हवी होती."

"मला सांगितलं का नाहीत?"

"मी उमेदवार होतो तेव्हा मलाही माझ्या वकिलांनी कधी सांगितलं नव्हतं. मी बघत होतो." एवढं बोलून ते चष्मा पुसत बसले, आणि चष्मा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामण सवयीनं पिशवी घ्यायला गेला, तर सत्यभामाबाईंनी ती त्याला दिली नाही. स्वतःच बाजारात गेल्या. जन्मभर जिच्या जिभेनं कुणाला सोडलं नाही ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि चिंतामणला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

वर्ष संपलं. भगवंतरावांनी ठरल्याप्रमाणे लिहून दिलं, की उमेदवारानं कामाचा अनुभव समाधानकारकपणे घेतला आहे. सनद मिळाली. एलिचपूरहून बोलावणं आलं. अमरावतीला घरी गेला तेव्हा मोरोपंत गंध उगाळत होते. चिंतामणनं विचारलं, "अप्पा, तो गाडीवान आठवतो? बेल टाकून पळाला तो?"

"हो. बैल त्याचाच होता."

मोरोपंत उगाळत राहिले. म्हणाले, पुढं सहा महिन्यांनी खरा चोर सापडला, चोरीच्या बैलासकट, बडनेऱ्याकडे. गाडीवान बिचारा देवाला भिणारा. खरं बोलतानाही त्याला भीती, की एखादा शब्द चुकून खोटा पडला तर काय. म्हणून हात कापला.

"आणि जे न कापता उचलतात ते?"

"ते उचलतात," मोरोपंत म्हणाले.

"मग तुम्ही लोकांना कधी सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही." त्यांनी गंध बोटावर घेऊन पाहिलं, पातळ झालं होतं. "आणि लोकांना देवळात यायचं असतं, चिंतामण."

लग्नानंतर, पुढच्या वेचणीच्या दिवसांत, तो निंभोरीला गेला. कशासाठी, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पाय धरावेत, की शिव्या खाव्यात. मनकर्णा विहिरीकडच्या शेतात कापूस वेचत होती. शेत आता नत्थुजीचं. ती दोन वेळच्या भाकरीवर त्याच्याच पडवीत राहत होती. चिंतामणला बघून तिनं ओटीतला कापूस पाटीत टाकला, त्याला बांधावर बसायला सांगितलं, आणि ब्राह्मणाला आपल्या हातचं पाणी चालेल का, या विचारात घोटाळली. त्यानंच मागून घेतलं.

त्यानं बोलायला सुरुवात केली, पण तिनं ते पुढं जाऊच दिलं नाही. "तुमचं काई चुकलं नाई, महाराज. तुमच्यानं खरं तं समजलं."

"काय खरं?"

"बेल उचलला ना भासऱ्यानं. देवाच्या आंगावरचा. मंग वाटनी झालीच नसन." ती पऱ्हाटीचं एक बोंड हातात फिरवत होती. "मी जावंसंग रोज भांडो. माहं तोंड बंद कराले माह्या मान्सानं मले सांगतलं आसन, इहिरीकडचं आपलं झालं म्हनून. अन् मी थे खरं धरून बसली. कोर्टात गेली. दुसऱ्याच्या वावराले माहं म्हनत रायली."

चिंतामणला ते ऐकवेना. त्यानं सांगितलं. गोठ्यातलं, म्हशीच्या पाठीवरच्या हाताचं, जानरावच्या तोंडचं सगळं सांगितलं. घंटेवरचं सालसुद्धा सांगितलं. नत्थुजी खोटं बोलला, पुंजाजी खरा होता, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मनकर्णेनं शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्याची कीव आल्यासारखं दिसलं.

"जानरावचं काय घेऊन बसले महाराज," ती म्हणाली. "त्यानं बेल उचलला का?"

तिला हे शिकवणारा तोच होता. ती उठली, पाटी काखेत घेतली, आणि जाता जाता बोलली, "यंदा पित्रात मी त्याचं पान नाई मांडलं. जल्मभर खोटं सांगनाऱ्याले काय जेवू घालू."

चिंतामणनं पुढं अमरावतीत वकिली केली. बरी चालली. त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी झाली: तो तारखा फार घेई. अकोल्याचं ते जुनं नाव कुणीतरी इकडं आणलं आणि तोही 'पंचांगकर्ते' झाला. अशील शपथेचं नाव काढू लागला की तो वकीलपत्र परत करी. उमेदवार त्यानं आयुष्यात एकही ठेवला नाही. मोरोपंतांच्या पाठीमागं देवळाची पूजा चुलतभावाकडे गेली, आणि घराण्यातला हा एकटा मुलगा देवळात का येत नाही, यावर पेठेत बरीच वर्षं तर्क चालले. त्यांतले काही फारच चविष्ट होते, आणि सगळे चुकीचे.

पितृपक्षात मात्र वाडवडिलांची पानं मांडून झाली की तो एक जास्तीचं पान मागे. पुंजाजीच्या नावानं. गोत्र माहीत नव्हतं, म्हणून काश्यप म्हणे. प्रमोदिनीनं पहिल्या वर्षी विचारलं, कोण हा पुंजाजी? तो म्हणाला, एका अशिलाचा नवरा. ती म्हणाली, "मेलेल्यांकडूनही फी बुडते वाटतं तुमची." पण तिनं पान वाढलं, आणि पुढं दर वर्षी न विचारता वाढत गेली.

ते पोचतं की नाही, हे तो कुणाला विचारणार? ज्यांना विचारायचं त्यांनी एकदा गंध उगाळता उगाळता उत्तर देऊन टाकलं होतं. तो पान परसात नेऊन ठेवी आणि घरात येई, आणि त्याला काही शिवलं की नाही हे बघायला मागं वळत नसे.